डावीकडची शिवण

आईने गणवेशाच्या पँटच्या उजव्या पायाची शिवण उसवता उसवता कपाळाला हात लावला. "पुन्हा एकाच मांडीत घट्ट? कस्तुरे, तू वाढतेस तरी कशी गं?"

कस्तुरीला उलट अभिमानच वाटला. तलवारबाजीत उजवा पाय सतत पुढे असतो, मांडी भरणारच! ही गंमत तिने तलवारबाजी शिकवणाऱ्या खोत सरांना सांगितली आणि तिथेच फसली. सरांनी तिच्या हातातली तलवार काढून घेतली आणि खांद्यावर वाळूची पिशवी ठेवली. "डाव्या पायावर उठाबशा काढ. तुझा वार नेहमी बोटभर कमी का पडतो, ते आत्ता कळलं मला."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मैत्रिणींच्या तलवारींचा खणखणाट ऐकत ती वाळूच वाहत राहिली. "सर, मी खेळाडू होणार की हमाल?" असं एकदा चिडून विचारलंही.

"पुढचा पाय सगळ्यांना दिसतो गं," सर म्हणाले. "ढकलतो मागचाच."

तलवार परत मिळाली ती जिल्ह्याच्या निवडीच्या तोंडावर. तिथे कस्तुरी आणि तिची नेहमीची प्रतिस्पर्धी बरोबरीत आल्या, एकच गुण उरला. समोरची मुलगी सवयीने बेताचीच मागे सरली. कस्तुरीचा वार कुठवर पोचतो हे तिला पाठ होतं. कस्तुरीने डाव्या पायाने जमीन रेटली. तलवारीचं टोक थेट त्या मुलीच्या छातीवर टेकलं आणि गुणाचा दिवा लागला.

घरी आल्या आल्या तिने आईपुढे पँट टाकली.

"आई, कात्री आण. आता डावीकडेही घट्ट होतेय!"