शाळेवरची लाल खूण

वाचनालयातल्या लांब टेबलावर गावाचा नवा विकास आराखडा पसरला होता आणि हरकती घेऊन आलेल्यांची रांग पुस्तकांच्या कपाटांपर्यंत गेली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच. आमच्या वास्तूवरची लाल खूण काढा. खूण बसली की वास्तू जतनाच्या यादीत गेली. मग पाडणं नाही, मनासारखं बदलणं नाही. रांगेत पुढे उभा असलेला ताउनो तर आपल्या सौनासाठी, त्या लाकडी वाफेच्या न्हाणीघरासाठी, हमरीतुमरीवर आला होता. "अहो, तीनदा जळून पुन्हा बांधलाय तो! कसला डोंबलाचा ऐतिहासिक?"

तेर्हीला हसू आवरेना. आईला गाडीतून इथं आणताना तिनं सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. आई खूण काढून घेणार, हेलसिंकीचं ते जोडपं गावची जुनी लाकडी शाळा सुट्टीतलं घर म्हणून घेणार, आणि त्या पैशांत आईला आपल्या शेजारी लिफ्टवाला फ्लॅट. शाळा बंद पडली तेव्हा वडिलांनी ती विकत घेतली होती. आता आई तिथं मास्तरांच्या खोल्यांत एकटीच राहायची, आणि पुढच्या दाराच्या सहा पायऱ्या चढताना मध्येच थांबायची.

त्यांचा नंबर आला. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याचं नाव नीलो. तेर्हीच्या आईनं, एल्वीनं, नकाशावर बोट ठेवलं. "ही माझी शाळा. नीट बघ."

"काळजी नको, आजी. तुमच्यावर खूणच नाहीये."

"तेच सांगायला आलेय. राहून गेलीय. घाल."

नीलोनं मान वर केली. "घालू? दोन दिवस बसलोय इथं. घाला म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"आणि गावाच्या वापरासाठी, असंही लिही. मंगळवारी बायका तिथं हातमागावर सतरंज्या विणतात. शिकारीनंतरचं जेवण तिथंच होतं. या उन्हाळ्यात दोन बारशी झाली."

"मग तुमच्या खोल्या सोडल्या तर तिथं कुणालाच घर करता येणार नाही," नीलो सावकाश म्हणाला. "किंमत पार उतरेल. शिवाय अर्धी मालकी मुलीची दिसतेय. दोघींची सही असेल तर माझं काम सोपं. एकटीच्या सहीवर समिती काय म्हणेल, सांगता येत नाही."

तेर्हीचे कान तापले. "आई, विकायचं नाही एवढं मला सांगायचं होतंस की! इथवर कशाला यायचं?"

"सांगितलं असतं गं. पण तू नाताळात येशील, गळ्यात पडशील आणि मी हो म्हणेन. तुला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही." एल्वीनं अर्ज तिच्यापुढे सरकवला. "म्हटलं, नगरपालिकेलाच नाही म्हणू दे."

मागं रांगेत कुणीतरी खाकरलं.

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर विकू," एल्वी लगेच म्हणाली.

तिच्या आवाजात रुसवा नव्हता की टोमणा नव्हता. ती खरंच विकेल, हे तेर्हीला त्याच क्षणी कळलं. शाळा स्वच्छ झाडून किल्ली देईल, फ्लॅटमध्ये येईल आणि येणाऱ्याजाणाऱ्याला लिफ्टचं कौतुक सांगेल.

"आणि ते चार माग?" तेर्हीनं विचारलं.

"देईन कुणाकुणाला. लिफ्टमध्ये मावायचे नाहीत."

आईकडे न बघता तेर्हीनं टेबलावरचं पेन उचललं आणि नुसतंच बोटांत फिरवत राहिली. नीलोनं थंड झालेली कॉफी उगाच ढवळली.

"लाल खूण असली की दाराशी रॅम्प करता येतो का हो?" अखेर तिनं विचारलं.

"मागच्या बाजूला, लाकडी असेल तर चालतो."

"मग तेही लिहून घ्या," सही करता करता तेर्ही म्हणाली. "आणि कठडा दोन्ही बाजूंनी. हिला दोन्ही हातांनी धरावं लागतं."