घसारा

"एकतीस मार्चच्या आत गाडी नुसती बुक करून भागणार नाही," कर सल्लागार फोनवर म्हणाला. "कारखान्याच्या नावावर होऊन रस्त्यावर आली पाहिजे. तरच यंदाच्या करात घसाऱ्याची सूट मिळेल."

वर्ष संपायला नऊ दिवस होते. मालकाने मागच्या सीटवर बसल्या बसल्या फोन बंद केला. पुढे आईची रोजची टकळी चालूच होती.

"मागच्या ट्रकला घाई आहे कप्तान, जाऊ दे त्याला. आता स्कूटर, डावीकडून. हं, रुग्णवाहिका येतेय. कडेला घे."

कप्तानने गाडी कडेला घेतली. तो बाबांच्या वेळेपासूनचा ड्रायव्हर. हे टोपणनावही बाबांनीच ठेवलेलं. त्याआधी तो कारखान्यात पत्र्याचे डबे ठोकायच्या यंत्रावर होता, आणि लग्नानंतरची काही वर्षं आईही तिथेच झाकणं निवडायला बसायची. त्या दणदणाटात माणसं हातांनी बोलत. आईची ती सवय अजून गेली नव्हती. साधं 'डावीकडे' म्हणतानाही तिचा हात कप्तानच्या नाकासमोर नाचायचा.

"गोदामावरून घ्या," मालक मागून म्हणाला.

गाडी सरळच निघाली. आईने तेच पुन्हा सांगितलं, हातवारे करून, तेव्हा वळली.

मालकाने ओठ चावला. बाबा गेल्याला चार वर्षं झाली. कारखाना त्याचा, पगार तो देणार, आणि हुकूम मात्र आईचाच चालायचा.

शोरूममधला विक्रेता मोठा तरतरीत होता. "आजी, ही गाडी बोलते बरं का! कुठे वळायचं ते सांगते. मागे कुणी आलं की शिट्टी वाजवते."

"शिट्टीबरोबर दिवा लागतो का?"

"अं?"

"दिवा रे. समोर, दिसेल असा."

विक्रेत्याने मालकाकडे समजूतदारपणे पाहिलं आणि आईच्या कानाशी वाकून तो ओरडला, "लागतो आजी! लाल दिवा!"

"ओरडू नकोस बाळा. मला ऐकू येतं."

चालवून बघायच्या फेरीला विक्रेता कप्तानशेजारी बसला. आई मागे. गाडी सुरू व्हायच्या आत तिने पुढे वाकून मधला आरसा स्वतःकडे फिरवला.

"केस बघू दे जरा. विस्कटलेत."

फेरी संपेपर्यंत ती आरशात बघत होती आणि बडबडत होती. सत्तरी उलटली तरी हौस आहे, मालकाच्या मनात आलं.

घरी आल्यावर त्याने विषय काढला. "ही गाडी निम्मीअर्धी स्वतःच चालते आई. मीच चालवेन. जुनी बदल्यात देतोय, तेव्हा कप्तानलाही आता मोकळं करू."

चष्मा पुसणारा आईचा हात थांबला. "या वयात त्याला कोण कामावर ठेवणार?"

"सहा महिन्यांचा पगार देतो ना. उलट सुटेल बिचारा. दिवसभर त्याचं डोकं खातेस तू."

"कधी उलटून बोललाय तो?"

"तेच तर. तोंड मिटून किती सोसायचं माणसाने? आणि माझं तर ऐकतच नाही."

आई काहीतरी बोलणार होती. पण तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर कप्तान गाडीचे दरवाजे नीट लागले का ते तपासत होता.

"सांगायचंच असेल तर तूच सांग," ती शेवटी म्हणाली. "पण समोर उभा राहून सांग. डोळ्याला डोळा भिडवून. पाठीमागून नको."

एकतीसच्या सकाळी कप्तान अंगणात उकिडवा बसून जुन्या गाडीचं चाक पुसत होता. इस्त्रीचा शर्ट. खिशातून नवंकोरं पिवळं फडकं डोकावत होतं, नव्या गाडीसाठी आणलेलं.

ते फडकं पाहून मालकाचं अवसान गळालं. समोर जायचं त्याच्याच्याने होईना. चार पावलांवर, पाठीमागेच तो थांबला.

"कप्तान, नवी गाडी आता मीच चालवणार आहे. उद्यापासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

कप्तानचा हात चाकावर फिरत राहिला.

"राग मानू नका. सहा महिन्यांचा पगार देतोय. लहानपणी शाळेत सोडायचात, तापात मला उचलून दवाखान्यात नेलंत, ते काही विसरलो नाही मी."

हात थांबला नाही. एक शब्द नाही, एक उसासा नाही. किती मानी माणूस!

तेवढ्यात फाटकातून नवी गाडी आत आली. विक्रेत्याने हौसेने लांबलचक हॉर्न वाजवला. भिंतीवरची कबुतरं फडफडून उडाली. मालक दचकला. दुसरा हॉर्न वाजला, तशी आई पायऱ्या उतरून लगबगीने खाली आली.

कप्तान चाक पुसतच होता.

आई वळसा घालून त्याच्या पुढ्यात गेली. तिने हात हलवला, फाटकाकडे बोट दाखवलं. कप्तानचा चेहरा खुलला. गुडघ्यावर हात टेकून तो उठला, खिशातलं पिवळं फडकं काढलं, मागे वळला आणि चपापला.

"अरे दादा!" तो म्हणाला. "तुम्ही कधी आलात?"