रोजचं बोलणं

“बायकोशी शेवटचं कधी बोललात?” बायकोच्या वकीलबाईंनी विचारलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या गोदामप्रमुखाने कपाळावरचा घाम पुसला. याच प्रश्नाची त्याने आठवडाभर तयारी केली होती. बायकोला घटस्फोट हवा होता. त्याने हात उगारला असं तिचं म्हणणं नव्हतंच. एका छपराखाली राहून नवऱ्याने आपल्याला टाकलं आहे, सहा वर्षांत तो आपल्याशी एक शब्द बोललेला नाही आणि हाही छळच आहे, असं तिने अर्जात लिहिलं होतं. टाकलं म्हणे! रोज सातच्या ठोक्याला घरी येऊन जेवणारा माणूस बायको टाकतो होय? पण निकालात ‘छळ’ हा शब्द आला, की गोदामातल्या माणसांसमोर मान वर करून उभं राहता येणार नाही, ही धास्ती त्याला कुरतडत होती.

तसं भिण्याचं कारण नव्हतं. गेल्या वर्षी तिची साक्ष झाली, तेव्हा त्याच्या वकिलांनी तिला पार निरुत्तर केलं होतं. अंगावर वळ? नाहीत. उपाशी ठेवलं? नाही. कोणी साक्षीदार? घराच्या चार भिंतींना कोण कोर्टात आणणार! आता त्याने नीट उत्तरं दिली, की संपलं. “विचारतील तेवढंच सांगा, जास्त शहाणपणा नको,” असं वकिलांनी सकाळीच बजावलं होतं.

“काल संध्याकाळी,” तो म्हणाला.

“आणि त्याआधी?”

“परवा. आम्ही रोज बोलतो. नवराबायको आहोत.”

न्यायाधीश बाईंनी मान वर न करता लिहून घेतलं.

“सात महिन्यांपूर्वी तुमच्या पत्नी तीन आठवडे घरी नव्हत्या. कुठे होत्या?”

“बहिणीकडे.”

“कशासाठी?”

“बायका जातात बहिणीकडे. त्याला काय कारण लागतं?”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. त्याला जरा धीर आला. गोदामातल्या अठराशे वस्तूंपैकी कुठली कोणत्या फळीवर आहे, हे तो डोळे मिटून सांगायचा. इथे तर एकाच बाईबद्दल विचारत होते.

“परत आल्यावर त्यांच्यात काही फरक जाणवला?”

इथे ‘नाही’ म्हणून गप्प बसला असता तरी निभावलं असतं. पण गाडी उताराला लागली होती.

“फरक? उलट तोंड जास्तच सुटलंय तिचं.”

त्याचे वकील खोकले. त्याचं लक्षच नव्हतं.

“काल काय म्हणाल्या?”

“टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडली. शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल, इतकी! शेवटी मीच पडतं घेतलं. घरात एकाने पडतं घ्यावंच लागतं, मॅडम.”

बोलून झाल्यावर त्याने सहज बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या बाकावर ताठ बसली होती. तिचे डोळे भरले होते आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला उगीचच वाटलं.

वकीलबाईंनी एक कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. “मॅडम, हा इस्पितळाचा दाखला. त्या तीन आठवड्यांत अर्जदार बाईंची घशाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलंय. तेव्हापासून त्यांच्या तोंडून आवाज निघालेला नाही, आणि यापुढे निघणारही नाही.”

न्यायाधीश बाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“सात महिने तुम्ही एका घरात राहताय. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?”

तो गोंधळला, चिडला. सगळ्यांनी मिळून आपल्याला फसवलंय असं त्याला वाटलं. कठडा गच्च धरून तो उसळून म्हणाला, “मला कसं कळणार, मॅडम? आम्ही बोलतोच कुठे!”