होल्याचं पुराण

"बू वेनिंग, माझं एवढं काम कराच," तळलेल्या केळ्यांचं ताट पुढे सरकवत शेजारचे पाक सुगेंग म्हणाले; जावात बाईंना 'बू' आणि काकांना 'पाक' म्हणतात. "रोज संध्याकाळी तुम्ही रेडिओवरून आपल्या क्लबची हजेरी घेता, त्यात तो तुकिमिन त्याच्या पाळलेल्या होल्याचं पुराण लावतो. होला आज दोनदा घुमला, काल तीनदा घुमला. त्यानं तोंड उघडलं की माझा सेट तिथून पळाला पाहिजे."

वेनिंगने संगणकाच्या सी भाषेत वीस ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. सेटकडून बोलणाऱ्याची खूण वाचायची आणि ती तुकिमिनची निघाली की सेटला लगेच दुसरी फ्रिक्वेन्सी लिहून पाठवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाक तुकिमिन टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची भजी घेऊन दारात उभे. "तो सुगेंग मध्येच निघून जातो हो. अर्धा होला ऐकून कुणी उठतं का? तो जाईल तिथं माझा सेट त्याच्या मागे गेला पाहिजे."

वेनिंगने त्यांनाही वीस ओळी लिहून दिल्या. सुगेंगचा सेट कुठं पळणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

संध्याकाळी एक सेट पुढे, दुसरा मागे, असे दोघे सालातिगा गावावरच्या आभाळात धावत सुटले.

"केळी त्याची खाल्लीस, भजी याची," नवरा म्हणाला. "तू नक्की कुणाच्या बाजूची गं?"

वेनिंगने क्लबची हजेरीची वही उघडली आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, दोघंही लांब गेलेत. तीन वर्षं या दोघांपायी अडलेली हजेरी पटकन उरकून घेऊ."