गोड ऐकवणारा हेडफोन

दिगंबरपंतांचा हेडफोन कुठल्याशा अनोळखी कंपनीचा होता. मुलाने, सलीलने, स्वतःच्या लग्नाच्या वेळी हौसेने आणून दिलेला. पिसासारखा हलका, कानांवरच्या गाद्या लोण्यासारख्या मऊ. दिवसभर काढावासा वाटत नसे. शिवाय आजूबाजूचा प्रत्येक कर्कश आवाज तो गोड करून ऐकवी. पंत गॅलरीत डोळे मिटून सतार ऐकत होते.

"बाबा, वाचवा मला!" पाठीमागून सून मृण्मयी किंचाळली.

पंतांना लाडिक कुजबुज ऐकू आली. "चहा नको गं आत्ता," ते हसून म्हणाले.

मोडलेला हात छातीशी धरून तिने दुसऱ्या हाताने त्यांचा हेडफोन ओरबाडून काढला. पंतांनी तिचा आक्रोश ऐकला आणि मागोमाग सलीलच्या शिव्या. त्याच्या हातात लोखंडी सळई होती.

"बाबा, तो परत लावा आणि गप बसा," तो गुरकावला.

पंत उठले आणि त्यांनी खुर्चीला टेकवलेली आपली काठी सगळा जोर लावून मुलाच्या मनगटावर हाणली. हाड कडकन मोडलं. दुसरा घाव गुडघ्यावर बसला, तसा सलील कोसळला.

"पोलिसांना फोन लाव," पंत धापा टाकत म्हणाले. "कधीपासून मारतोय गं हा तुला?"

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. "तुम्ही इथेच बसलेले असायचात."