रिकामा गोल

"बाद फेरीत कॅप्टन सोडून एकाच्याही स्टिकनं गोल झाला नाही! बाकीच्यांना काय बाक उबवायला ठेवलंय?"

हॉकी संघाचे कोच सकाळपासून खोलीत येरझाऱ्या घालत होते. पुढच्या मोसमाआधी दोघांना नारळ द्यायचा होता. फळ्यावर खेळाडूंच्या नावाची लोहचुंबकं होती. एक काढायचे, दोन पावलं चालायचे, परत तिथंच चिकटवायचे. कुणावरच मन ठरेना.

शेवटी लंबूचं चुंबक मुठीत धरून त्यांनी त्यालाच बोलावून घेतलं.

"उपांत्य सामन्यात गोलकीपर आडवा पडलेला, समोर गोल रिकामा. आणि तू मागं वळून कॅप्टनला पास देतोस? अरे, आंधळ्यानंही मारला असता! का नाही मारलास?"

लंबू दारातच उभा होता. स्टिकच्या मुठीवरची सुटलेली पट्टी तो नखानं सोलत राहिला.

"सर, मोसमाच्या पहिल्या सामन्यात मारला होता की."

"मग? हुकला?"



"नाही, गोल झाला. पण 'कॅप्टनला पास द्यायला सांगितलं होतं ना, शहाण्या?' म्हणत तुम्ही मला बाकावर बसवलंत, ते थेट उपांत्य सामन्यालाच उठवलंत."