राजाच्या लेकी

गुरांची डॉक्टर फिलोमिना खच्ची करत असताना बस्त्यावची तीन डुकरपिल्लं रक्त न थांबल्याने मेली, तेव्हा त्याने चारचौघांत तिचा हात धरून वर केला होता. "बघा, कसायाचा हात!" तेव्हापासून वसईत कुणी तिला आपल्या जनावराला शिवू देत नव्हतं.

आज ती त्याला खरं कारण सांगायला आली होती. मेलेल्या पिल्लांच्या रक्ततपासणीत उत्तर सापडलं होतं. त्यांचं रक्त जन्मतःच गोठत नव्हतं, आणि हा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लाला बाधतो. म्हणजे बस्त्यावचा लाडका नर, राजा, स्वतः धडधाकट असूनही पोटच्या पिल्लांना हा दोष देत होता.

"बस्त्यावकाका, राजाबद्दल बोलायचं होतं."

"आधी हात धुऊन या, डॉक्टरीणबाई!" तो हसला, तसे गडीही हसले. "राजाचा वंश मला शुद्ध ठेवायचाय. यंदा त्याच्याच लेकी त्याच्याकडून फळवणार."

फिलोमिनाने कुंपणापलीकडे लोळणाऱ्या तरण्या माद्यांकडे पाहिलं. त्यांतल्या निम्म्यांत तरी बापाचा दोष उतरलेला असणार, आणि राजाकडूनच फळल्या तर त्यांच्या कितीतरी पिल्लांना तो दोन्हीकडून मिळणार. रक्ततपासणीचा कागद तिने परत पिशवीत सरकवला.

"पिल्लं खच्ची कोण करणार?"

"मीच. बघायला या, शिकाल काहीतरी."

"येईन की," ती गोड आवाजात म्हणाली. "गावाला मात्र नक्की बोलवा."